पहिलं न्यायालय



रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला बसणाऱ्याला आणे गावात कुणी विचारत नाही, की तू कोण, कुठला आणि केवढा. अशा गावात आज मला एका उतरंडीबद्दल बोलायचं आहे. ही उतरंड आपण न्यायालयांची लावली आहे. आपण सगळे सहज म्हणतो ना, ‘खालचं कोर्ट’ आणि ‘वरचं कोर्ट’? माझं व्याख्यान त्या ‘खालच्या’ कोर्टाबद्दल आहे. त्याला खालचं म्हणणं चूक आहे, हे मला सांगायचं आहे. आणि त्या चुकीची किंमत न्यायाधीशापेक्षा पक्षकार जास्त मोजतो, हे त्याहून आग्रहाने सांगायचं आहे.

जुन्नरच्या कोर्टात दावा हरलेला माणूस संध्याकाळच्या एसटीने आळेफाट्याला येतो, तेव्हा काय म्हणतो? ‘खाली गेलं, आता वर बघू.’ आणि जिंकलेला काय म्हणतो? ‘खाली तर लागलं, पण वर काय होईल सांगता येत नाही.’ हरलेला आणि जिंकलेला, दोघांच्याही मनात एकच गोष्ट पक्की आहे, की खरं कोर्ट पुढे कुठेतरी आहे. पुण्याला आहे, मुंबईला आहे, दिल्लीला आहे. जुन्नरला आहे ती नुसती सुरुवात. ही समजूत मी वकिली करताना वर्षानुवर्षं ऐकली. तिच्यामुळे चांगले, खरे, न्याय्य दावे बुडालेले पाहिले. म्हणून हा विषय.

पहिला प्रश्न. हे ‘खालचं’ आलं कुठून?

काही प्रमाणात ते कायद्याच्या भाषेतूनच आलं, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. आपल्या संविधानाच्या सहाव्या भागातलं सहावं प्रकरण, अनुच्छेद २३३ ते २३७, जिल्हा आणि तालुक्याच्या न्यायालयांबद्दल आहे. मराठी अनुवादात त्याचं शीर्षक आहे ‘दुय्यम न्यायालये’. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५ सांगतं की प्रत्येक दावा तो चालवण्याचा अधिकार असलेल्या सर्वात खालच्या श्रेणीच्या न्यायालयात दाखल करावा. आणि जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कोर्टाबाहेरच्या पाट्या वाचा, ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ हे शब्द दिसतील. मग लोक खालचं म्हणाले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण या शब्दांचा कायद्यातला अर्थ काय आहे, ते पाहा. ‘दुय्यम’ म्हणजे प्रशासनाच्या दृष्टीने उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली. न्यायाधीशाची बदली, रजा, बढती हे सगळं अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालय बघतं. सरकारच्या हाती ते राहू नये, म्हणूनच तशी व्यवस्था केली. म्हणजे ज्या शब्दाने आपल्याला कमीपणा वाटतो, तो शब्द मुळात संरक्षणाचा आहे. आमदाराला, मंत्र्याला किंवा कलेक्टरला त्या न्यायाधीशाची बदली करता येऊ नये, यासाठीची ती तरतूद आहे. आणि निकालाचं काय? समोरच्या दाव्यात निकाल काय द्यायचा, हे जुन्नरच्या न्यायाधीशाला मुंबईहून कुणी सांगू शकत नाही. अपिलात निकाल फिरवता येतो, पण तो जाहीरपणे, दोन्ही बाजू ऐकून, कारणं लिहून फिरवावा लागतो. निकालाच्या आधी कानात काही सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

‘कनिष्ठ स्तर’ आणि ‘वरिष्ठ स्तर’ या पायऱ्या सेवेतल्या आणि दाव्याच्या रकमेच्या मर्यादेच्या आहेत. दोन्हीकडे कायदा तोच, शपथ तीच आणि पुराव्याचे नियमही तेच. आणि कलम १५ चा हेतू? माणसाने आधी आपल्या जवळच्या कोर्टात जावं, मोठ्या कोर्टांत पहिल्यापासूनच गर्दी होऊ नये, एवढाच तो हेतू आहे. त्या कलमाने या कोर्टांची योग्यता ठरत नाही, आपण जायचं कुठे ते ठरतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयाला हात घातला. उत्तर प्रदेशातल्या एका फौजदारी अपिलात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुइयाँ यांच्या पीठाने आपल्याच कचेरीला सांगितलं, की खटला जिथे चालतो त्या न्यायालयाला ‘लोअर कोर्ट’ म्हणणं थांबवा. तिथून येणाऱ्या कागदपत्रांनाही ‘लोअर कोर्ट रेकॉर्ड’ न म्हणता ‘ट्रायल कोर्ट रेकॉर्ड’ म्हणा. हे सांगणाऱ्या ओकसाहेबांनी १९८३ मध्ये वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या हाताखाली केली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून ज्याने काम केलं, त्याला त्या जागेचं मोल कळतं. सरन्यायाधीश असताना धनंजय चंद्रचूड यांनीही जिल्हा न्यायव्यवस्थेला ‘दुय्यम’ म्हणण्याची सवय सोडा, असं जाहीरपणे सांगितलं. देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाने हा शब्द टाकला. आपण कधी टाकणार?

दुसरा मुद्दा. ‘वरचं’ म्हणतो ते कोर्ट नेहमी वरच असतं का?

लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला कुठे चालला? मुंबईच्या उच्च न्यायालयात. न्यायमूर्ती दावर आणि ज्युरी यांच्यासमोर तो पहिल्यापासून चालला. आरोप तिथेच वाचले गेले, टिळकांनी स्वतःचा बचाव तिथेच केला आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षाही तिथेच झाली. म्हणजे त्या दिवशी ते भव्य उच्च न्यायालय खटला चालवणारं पहिलं न्यायालय होतं. जुन्नरच्या कोर्टात जे काम चालतं, तेच काम तिथे चाललं होतं. त्याला कुणी ‘खालचं कोर्ट’ म्हणतं का?

आणखी एक उदाहरण घ्या. बेळगाव, निपाणी, कारवारच्या सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन राज्यांमधला वाद असल्यामुळे अनुच्छेद १३१ प्रमाणे तो थेट तिथेच लावावा लागला. त्या दाव्यापुरतं सर्वोच्च न्यायालय हेच पहिलं न्यायालय आहे. दावा, त्याला उत्तर, मुद्दे, साक्षीपुरावा या सगळ्याची व्यवस्था त्यालाच करावी लागते. म्हणजे काय? न्यायालयाची ओळख ते करत असलेल्या कामावरून ठरते. जे तथ्य शोधतं ते पहिलं न्यायालय. जे त्या शोधाची तपासणी करतं ते अपिलाचं न्यायालय. इमारत संगमरवराची आहे की पत्र्याची, याचा इथे काही संबंध नाही.

आणि जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फारशी कुणाला माहीत नसते. उच्च न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या प्रशासकीय देखरेखीखाली नाही. अपील तिकडे जातं, पण हाताखालचं नातं नाही. अपील जाणं आणि हाताखाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संविधानाने आपल्याला दाखवून दिलं आहे.

तिसरा मुद्दा. हा माझ्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. पहिल्या न्यायालयात असं काय घडतं, जे पुढे कुठेच घडत नाही?

आपल्या भागात सगळ्यांना समजेल असं उदाहरण घेऊ. लेकीचा वाटा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, २००५ च्या त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही. कायदा स्पष्ट झाला. आता एका गावातली बहीण कोर्टात येते. भाऊ कागद दाखवतो आणि म्हणतो, हिने हक्कसोडपत्र करून दिलंय, ही बघा सही. बहीण म्हणते, पीककर्जाचं काम आहे म्हणून मला नेलं, कागद वाचूनच दाखवला नाही.

कोण खरं? हे दिल्लीत कसं कळणार? मुंबईत कसं कळणार? हे तिथेच कळतं, जिथे ती बहीण पिंजऱ्यात उभी राहते, शपथ घेते, सरतपासणीत आपली हकिकत सांगते आणि उलटतपासणीला तोंड देते. कागदावर साक्ष घातलेला माणूस तिथेच येतो. कागद कुणी लिहिला, कुठे लिहिला, त्या वेळी खोलीत कोण कोण होतं, बहिणीला काय सांगितलं, हे प्रश्न तिथेच विचारले जातात. उत्तर देताना साक्षीदार कुठे अडखळला, कुणाकडे बघून बोलला, हे न्यायाधीश डोळ्यांनी पाहतो. साक्षीदाराच्या वागण्याबद्दलचं निरीक्षण लिहून ठेवण्याचा अधिकारही कायदा त्याला देतो. पुढच्या कोर्टांत फक्त कागद जातो. आवाज जात नाही, चेहरा जात नाही.

बांधाचा वाद असेल तर? पहिलं न्यायालय कोर्ट कमिशनर नेमतं, भूमी अभिलेखच्या मोजणीदाराकडून मोजणी करून घेतं, नकाशा मागवतं. जमिनीवर खुणा कुठे आहेत, विहीर कुणाच्या गटात पडते, वहिवाटीचा रस्ता किती फुटांचा होता, हे सगळं याच टप्प्यावर ठरतं.

आता पुढचं ऐका. जुन्नरच्या निकालावर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात होतं. तिथे तथ्यं आणि कायदा दोन्ही तपासता येतात, पण तपासायचं ते आधीच्या कोर्टात नोंदलेल्या पुराव्यावरून. नवा पुरावा तिथे द्यायचा म्हटलं तर कायद्याने फार थोड्या कारणांसाठी ते दार उघडं ठेवलं आहे. त्यापुढचं दुसरं अपील उच्च न्यायालयात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकलं जातं. साक्षीदार खरा की खोटा, हा प्रश्न तिथे सहसा उघडला जात नाही.

आलं ना लक्षात? पुढच्या प्रत्येक कोर्टात दार अरुंद होत जातं. सगळ्यात मोठं दार पहिल्या न्यायालयाचं आहे. पेरणीच्या वेळी जे बी मातीत पडलं नाही, ते राशीत येत नाही. आणि आपण काय करतो? पेरणीच्या वेळी हलगर्जीपणा करतो आणि राशीच्या वेळी मोठा वकील लावतो.

खालचं कोर्ट म्हटलं की माणूस काय काय सोडून देतो, पाहा. तारखेला जात नाही. दावा एकतर्फी चालतो. फेरफार, जुने सातबारे, खरेदीखत घरात पत्र्याच्या पेटीत राहतात, कोर्टात दाखल होत नाहीत. ज्या वृद्ध चुलत्याला सगळं माहीत आहे, त्याची साक्ष ‘पुढे बघू’ म्हणून राहते आणि चुलते जातात. उलटतपासणीच्या दिवशी वकिलाला माहिती द्यायला कुणी हजर नसतं. मग निकाल विरुद्ध जातो आणि आपण म्हणतो, ‘वर बघू.’ वर काय बघणार? वर तेच बघणार, जे आपण इथे मांडलं. जे मांडलंच नाही ते वरच्या कोर्टाला कोण दाखवणार? एका शब्दाने माणसाची जमीन जाते, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

चौथा मुद्दा इतिहासाचा. हे शहाणपण आपल्याकडे नवं आहे का?

नाही. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा वाद गोतसभेपुढे चालायचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार बसायचे, साक्षी घ्यायचे आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. त्यावर सह्या आणि निशाण्या व्हायच्या. कुणब्याची निशाणी नांगर. वाद फिर्यादीने हुजुरापर्यंत गेला, तरी पुष्कळदा पुन्हा स्थळावरच्या गोताकडे चौकशीसाठी यायचा. कारण उघड होतं. शिवार ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनीच आधी बोलावं. त्या व्यवस्थेत जातीचा आणि वतनाचा वरचष्मा होता, तो आपल्याला परत नको आहे. पण तथ्य जिथे घडलं तिथेच तपासावं, हे त्यातलं तत्त्व मोलाचं होतं.

इंग्रजी अमलात ते तुटलं आणि त्याचे परिणाम आपल्याच पुणे जिल्ह्याने पाहिले. सावकाराने दावा लावायचा, शेतकऱ्याने लांबच्या कोर्टात जायचंच नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जमीन जायची. १२ मे १८७५ रोजी सुप्याला उठाव झाला आणि पुणे-नगरच्या गावांत पसरला. लोकांनी काय ताब्यात घेतलं आणि जाळलं? कर्जरोखे आणि हुकूमनामे. कोर्टाचा कागद आपल्या जिवावर उठला आहे, हे त्यांना कळलं होतं.

त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता, म्हणजे आपला जुन्नर तालुकाही त्यात आला. त्या कायद्याने कशावर भर दिला? अपिलांवर नाही. काही दाव्यांत तर त्याने अपीलच ठेवलं नाही. भर दिला तो पहिल्या न्यायालयावर. रोख्यावर आकडा काय लिहिला आहे एवढ्यावर थांबू नका, कर्जाचा इतिहास मुळापासून तपासा, असं त्याने न्यायाधीशाला सांगितलं. प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची साक्ष घ्या, असं सांगितलं. गावमुन्सफ नेमण्याची सोय केली. आणि या कोर्टांच्या कामावर नजर ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाचं पद निर्माण केलं. ते पद पुढे कुणी सांभाळलं? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी.

रानड्यांना आपण न्यायमूर्ती म्हणतो, पण उच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक झाली १८९३ साली. त्याआधी १८७१ पासून पुण्यात, मग नाशिकला, धुळ्याला त्यांनी काम केलं ते सबजज्ज म्हणून. ज्या काळात त्यांनी पुण्याची सार्वजनिक सभा उभी करायला हात दिला, महाराष्ट्राला विचार करायला शिकवलं, त्या काळात सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा ‘दुय्यम न्यायाधीश’ असाच होता. माणूस दुय्यम होता का? त्यांनी दिलेला न्याय दुय्यम होता का?

पाचवा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. तो स्वातंत्र्याचा आहे. अनुच्छेद २२ सांगतो की अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत सर्वात जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. जवळच्या. संविधानकर्त्यांनी इथे सर्वात मोठं न्यायालय निवडलं नाही, सर्वात जवळचं निवडलं. इथल्या एखाद्या तरुणाला रात्री पोलिसांनी नेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला विचारणारा, ‘तुला मारहाण झाली का? काही तक्रार आहे का?’, तो तालुक्याचा न्यायदंडाधिकारी असतो. कोठडी द्यायची की नाही, हे तो ठरवतो. नागरिकाचं स्वातंत्र्य आणि पोलिसांची ताकद यांच्यामध्ये उभा राहणारा तो पहिला माणूस आहे. त्याला खालचा म्हणायचं?

आता एक आक्षेप. कुणी म्हणेल, ‘वकीलसाहेब, शब्द बदलून काय होणार? तारखा तर तशाच पडतात.’ हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. पहिल्या न्यायालयात चुका होतात, काही निकाल घाईने लिहिले जातात, म्हणून अपील हवंच. पहिल्या न्यायालयाचा मान राखा म्हणजे त्याच्या चुका झाका, असं मी म्हणत नाही. उलट सांगतो. ज्याला आपण खालचं समजतो, त्याच्याकडून आपण कमीच अपेक्षा ठेवतो. तिथे न्यायाधीशाची जागा महिनोन् महिने रिकामी राहिली तरी गावात मोर्चा निघत नाही. साक्षीदाराला बसायला बाक नसला, बायकांसाठी स्वच्छतागृह नसलं, तरी आपल्याला चालतं. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी कोल्हापूरच्या वकिलांनी आणि जनतेने अनेक दशकं लढा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झालं. तो लढा योग्यच होता. मग आपल्या तालुक्याच्या कोर्टात पुरेसे न्यायाधीश, पुरेसे लिपिक, पुरेशी जागा असावी, यासाठी तेवढ्याच जोराने का बोलू नये? आपण हा शब्द टाकला, की ही मागणी करायला आपलं तोंड उघडेल.

आता सारांश सांगतो आणि थांबतो.

एक: ‘दुय्यम’ हा शब्द प्रशासनाचा आहे, न्यायाच्या दर्जाचा नाही. दोन: जे न्यायालय तथ्य शोधतं ते पहिलं न्यायालय, मग ते जुन्नरचं असो, मुंबईचं असो की दिल्लीचं. तीन: साक्ष, पुरावा, मोजणी, उलटतपासणी यांची संधी पहिल्या न्यायालयात मिळते, पुढे ती आटत जाते. चार: हे शहाणपण आपल्या मातीत जुनं आहे, आणि ते सोडल्याची शिक्षा आपल्या जिल्ह्याने भोगली आहे. पाच: आपलं स्वातंत्र्य सर्वात आधी जवळचंच न्यायालय राखतं.

म्हणून माझी विनंती आहे. उद्यापासून ‘खालचं कोर्ट’ म्हणू नका, ‘पहिलं कोर्ट’ म्हणा. कायद्याच्या भाषेत हवं असेल तर ‘ट्रायल कोर्ट’ म्हणा. आणि तसं म्हणाल तर तसं वागा. समन्स आलं की पहिल्याच तारखेला जा. घरातला प्रत्येक कागद वकिलासमोर ठेवा. ज्या वडीलधाऱ्यांना हकिकत माहीत आहे, त्यांची साक्ष वेळेत होऊ द्या. लेकी-सुनांना कोर्टात एकटं पाठवू नका, त्यांच्या सोबत जा आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ठीक आहे, आपसांत मिटत असेल तर अवश्य मिटवा. पण चढावी लागली, तर पहिल्याच पायरीवर पूर्ण ताकदीने उभे राहा. न्याय मिळायचा असतो तो बहुतेकांना तिथेच मिळतो, आणि तिथे मिळावा यासाठी झगडणं हे पक्षकाराचं, वकिलाचं आणि सगळ्या गावाचं काम आहे.